सांबाराचा सातबारा

महाराष्ट्रातून कुंभकोणमला येणाऱ्या पाहुण्यांचा क्रम ठरलेला आहे. कुंभेश्वर, सारंगपाणी, वेळ असला तर दारासुरम, हल्ली गोविंदपुरमचे विठ्ठलमंदिर आणि मग पोटपूजा. हॉटेलात केळीचे पान मांडले जाते, त्यावर पाणी शिंपडून ते पुसायचे असते हे शेजाऱ्याकडे पाहून कळते, वाढपी बादली घेऊन येतो आणि पहिला डाव पानात पडायच्या आत वाक्य येते : "सांबार मूळचं आमचंच, बरं का. संभाजी महाराजांवरून नाव पडलंय."

वाढपी हसतो. त्याला मराठी येत नाही. पलीकडच्या टेबलावर ज्याला मराठी येते, ज्याच्या घरात ती तीनशे वर्षांहून अधिक काळ बोलली गेली आहे, असा एखादा 'रायर' मुकाट्याने पोंगल खात असतो. त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. मराठी माणूस कुंभकोणमला येतो, बादलीतल्या डाळीशी नाते सांगतो आणि शेजारच्या माणसाशी न बोलता निघून जातो. हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. ते खोटे असण्याचा संभव मोठा आहे, पण माझी मुख्य तक्रार ती नव्हे. ते वाक्य आपल्याकडून काय काय लपवून घेते, ही माझी तक्रार आहे.

आधी कथा पाहू. तंजावरचे शहाजीराजे, म्हणजे व्यंकोजींचे चिरंजीव, यांच्याकडे चुलतभाऊ संभाजीराजे पाहुणे आले. आमटीत घालायला कोकम नव्हते. मुदपाकखान्यात कोणीतरी चिंच सुचवली. आमटी फक्कड झाली आणि पाहुण्यांच्या नावावरून तिला सांबार म्हणू लागले. दुसऱ्या एका पाठात संभाजीराजे स्वतःच चुलीपुढे बसतात. हॉटेलांच्या मेनूकार्डांपासून पर्यटनाच्या पुस्तिकांपर्यंत ही कथा सगळीकडे आहे. फक्त समकालीन कागदाचा हवाला देऊन ती सांगणारा कोणी भेटत नाही.

शहाजीराजे १६८४ साली गादीवर आले. संभाजीराजांची हत्या १६८९ साली झाली. म्हणजे या मेजवानीला मोकळी वर्षे जेमतेम पाच. त्या पाच वर्षांत औरंगजेब दख्खनेत ठाण मांडून बसला होता, १६८६ मध्ये विजापूर पडले, १६८७ मध्ये गोवळकोंडा पडला. त्या धामधुमीत चुलतभावाकडे निवांत जेवायला येणे अशक्यच होते असे मी म्हणत नाही. पण असे कोणी म्हणत असेल, तर पुरावा देण्याचे काम त्याचे आहे.

पुरावा कसा असतो याचे उदाहरण याच जातीच्या दुसऱ्या पदार्थात आहे. सँडविच हेही एका उमरावाचे नाव लागलेले खाणे. जॉन माँटेग्यू हा सँडविचचा चौथा अर्ल. तो जुगाराच्या टेबलावरून उठायला तयार नव्हता, म्हणून त्याने पावात मांस घालून मागवले, ही कथा एका फ्रेंच प्रवाशाने लंडनवरच्या पुस्तकात लिहिली. तीही ऐकीव असेल. पण हा अर्ल हयात असतानाच, १७६२ साली, एडवर्ड गिबनने आपल्या रोजनिशीत 'सँडविच' हा शब्द खाण्याच्या अर्थाने लिहून ठेवला आहे. अर्ल आहे, शब्द आहे आणि दोघांचा काळ जुळतो. सांबाराच्या बाबतीत राजा आहे आणि शब्द आहे. त्यांना जोडणारा जो दुवा सांगितला जातो, त्याला मराठीत फार जुने नाव आहे : बादरायण संबंध.

आता कोकमाकडे वळू. कोकम कोकणातले. व्यंकोजींचे घराणे वाढले ते शहाजीराजांच्या कर्नाटकातल्या जहागिरीत, बंगळूरच्या बाजूला. त्यांच्याबरोबर जे लोक कावेरीकाठी आले त्यांत देशावरचे पुष्कळ. देशावरच्या आमटीत चिंच-गूळ पडतो हे कोणत्याही देशस्थ घरात विचारा. आणि तमिळ स्वयंपाकात 'पुळी', म्हणजे चिंच, नसेल असा एक दिवस दाखवा. चिंचेची कोळंबू करणाऱ्या प्रदेशात एका राजवाड्यात चिंचेचा शोध लागला म्हणणे म्हणजे तंजावरच्या मराठ्यांनी कावेरी शोधून काढली म्हणण्यासारखे आहे.

राहता राहिला शब्द. 'संभार' हा संस्कृत शब्द : सामग्री, जमवाजमव. तमिळमध्ये 'संबारम्' म्हणजे मसाल्याची सामग्री. केरळात 'संभारम्' म्हणजे आले, मिरची, कढीपत्ता घातलेले ताक. आणि आपल्याच विदर्भात 'सांभार' म्हणजे कोथिंबीर. नागपूरची सांबारवडी ज्याने खाल्ली आहे त्याला हे सांगायला नको. नागपूरच्या बाजारातल्या कोथिंबिरीच्या जुडीला आणि त्रिशूरच्या ताकाला कोणी संभाजीराजांचे नाव देत नाही. मग मधल्या डाळीलाच ते का? मसाला घातलेले ते सांबार, हा सरळ रस्ता समोर असताना राजवाड्याला वळसा घालून जाण्याचे कारण भाषेत सापडत नाही. ते अभिमानात सापडते.

इथे कोणी म्हणेल, गंमतीची कथा आहे, एवढे काय मनावर घेता? मीही घेतले नसते. पण ही कथा एका जागी बसून राहत नाही.

मुंबईने सांबार खाल्ले ते तंजावरच्या राजवाड्यातून आलेले नव्हे. ते आले उडुपी-मंगळूरच्या किनाऱ्यावरून, विसाव्या शतकात, बोटीने आणि एसटीने मुंबई गाठलेल्या माणसांच्या हातून. माटुंग्याच्या रामा नायकांची खाणावळ १९४२ सालची. अशी शेकडो उपाहारगृहे निघाली. त्यांत भांडी घासत मोठी झालेली मुले पुढे गल्ल्यावर बसली. गिरणी कामगाराला, कारकुनाला, परीक्षेला आलेल्या विद्यार्थ्याला थोड्या पैशांत, स्वच्छ टेबलावर, नाव-गाव न विचारता गरम खायला मिळाले ते त्यांच्यामुळे. त्या सांबारात गूळ असतो आणि ते तंजावरच्या वाटून घातलेल्या नारळाच्या सांबाराहून अगदी वेगळे लागते. म्हणजे सांबार तंजावरचे आहे असे क्षणभर मानले, तरी मुंबईकराच्या जिभेवर ते आणून ठेवणारा माणूस शेट्टी आणि नायकच आहे.

त्या माणसाला आपण काय दिले? १९६६ साली शिवसेना स्थापन झाली आणि पहिल्याच वर्षांत तिचा रोख दाक्षिणात्यांवर होता. 'हटाव लुंगी'च्या घोषणा झाल्या. उडुपी हॉटेले त्या रोषाच्या वाटेत आली. जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या आकाशवाणी आमदार निवासातल्या उपाहारगृहात शिळ्या डाळीवरून एका आमदाराने तिथल्या कर्मचाऱ्याला मारहाण केली. डाळ शिळी असेल, तर त्यासाठी अन्न व औषध प्रशासन आहे. पण आमदारसाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. दाक्षिणात्यांना कंत्राटे का देता, त्यांनी आपली संस्कृती बिघडवली, असे ते नंतर म्हणाले.

आता ही दोन वाक्ये शेजारी ठेवा. कुंभकोणमच्या हॉटेलात : डाळ आमची आहे. मुंबईच्या उपाहारगृहात : डाळ करणारा आमचा नाही. एकाच तोंडातून दोन्ही निघतात आणि त्यांत कोणाला विसंगती दिसत नाही, कारण दोन्हींमागे एकच समजूत आहे. पदार्थाला मालक असतो आणि तो करणारा माणूस मालक नसतो, अशी ती समजूत. पदार्थ राजाचा, आचारी त्याचा नोकर. राजा आपला असला की पदार्थ आपला झाला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा.

महाराष्ट्राने शेतीच्या बाबतीत हे तत्त्व कधीच मोडून काढले आहे. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा देऊन कूळकायदा आला, सातबाऱ्यावर कुळांची नावे लागली. तोच न्याय स्वयंपाकघरात लावायला आपण का कचरतो? जो शिजवेल त्याचे सांबार. पहाटे साडेतीनला उठून पीठ आंबले का पाहणारा, दुपारी बाराला पंगत सावरणारा, रात्री अकराला तवा घासून ठेवणारा, याचे नाव पदार्थाच्या उताऱ्यावर लागले पाहिजे. या हिशेबात सांबार तमिळ आहे, तुळू आहे, कन्नड आहे आणि हो, मराठीही आहे. कारण कुंभकोणम-तंजावरच्या मराठी घरांतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या ते रोज करत आल्या आहेत. त्यांचा हक्क संभाजीराजांकडून आलेला नाही. तो त्यांनी स्वतः शिजवून मिळवला आहे.

उलट बाजूने पाहा. मुंबईचे सँडविच. नाव इंग्रज उमरावाचे, पाव पोर्तुगीजांच्या वाटेने आलेला, बटाटा आणि मिरची अमेरिकेतून. वर हिरवी चटणी, बीट, काकडी आणि कोळशावर फिरवून भाजायचा तो डबीसारखा साचा. हे सँडविच कोणाचे? चर्चगेटच्या फुटपाथवर उभा राहून जो ते दोन मिनिटांत कापून देतो त्याचे. वडापावाचेही तसेच. पाव आणि बटाटा दोन्ही परदेशी आहेत म्हणून त्याच्या मराठीपणाला कोणी हरकत घेत नाही, घेऊही नये. एखादा इंग्रज पर्यटक चर्चगेटला येऊन म्हणाला, "हे मूळचं आमचंच, बरं का", तर आपण काय म्हणू? तेच कुंभकोणमचा वाढपी मनात म्हणत असतो. तो सभ्य आहे म्हणून हसतो.

खरे सांगायचे तर तंजावरच्या ताटात मराठीच्या खुणा शोधायला कथेची गरजच नाही. त्या उघड्यावर पडल्या आहेत. इथल्या तमिळ घरांत वांग्याची 'रसवांगी' होते. नावातले वांगे कुठले ते सांगावे लागत नाही. कारल्याचे 'पिटलै' होते, ते आपल्या पिठल्याचे दूरचे भावंड. उडदाच्या पिठाची 'डांगर पच्चडी' होते आणि डांगर म्हणजे काय हे सातारा-कोल्हापूरच्या आजीला विचारावे. हे शब्द राजाज्ञेने आले नाहीत. शेजारणीच्या वाटीतून आले. वाटी रिकामी परत पाठवायची नसते म्हणून जाताना दुसरे काही घेऊन गेले. या देवघेवीला कोणा एकाचे नाव नाही, म्हणून तिची कथा होत नाही आणि मेनूकार्डावर ती छापली जात नाही.

कागदच हवे असतील तर तेही आहेत. रघुनाथ गणेश नवहस्त हे सतराव्या शतकातले पंडित तंजावरला आले, व्यंकोजींच्या राणी दीपाबाईंचा त्यांना आश्रय होता. त्यांचा 'भोजनकुतूहल' हा ग्रंथ संस्कृतात आहे, पण पदार्थांची मराठी नावे त्यात येतात. पुण्याच्या प. कृ. गोडे यांनी त्याच्यावर लिहिले आहे. सरफोजी दुसरे यांच्या काळच्या मुदपाकखान्याचे 'शरभेंद्र पाकशास्त्र' मराठीत आहे आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने ते छापले आहे. त्यात मांसाचे पदार्थही आहेत. भोसल्यांच्या घराला ते शोभण्यासारखेच, पण शाकाहारी सांबाराच्या सोज्वळ कथेत ते बसत नाहीत. त्याच ग्रंथालयात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल पडून आहेत. सांबारावर छाती फुगवणाऱ्यांपैकी किती जण त्या दारात गेले? मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा फटाके वाजले. मोडी वाचणारे डोळे त्या फटाक्यांच्या उजेडात वाढले नाहीत.

आता आमच्याकडच्यांविषयी. ही कथा महाराष्ट्रातलेच लोक सांगतात असे नाही. कुंभकोणम, तंजावर, चेन्नई इथल्या मराठी घरांतही ती अभिमानाने सांगितली जाते आणि त्याचे कारण मला समजते. मेलकावेरीत राहणाऱ्या मराठी मुलाची शाळा तमिळ आणि इंग्रजीत असते. घरातली त्याची मराठी पुण्याच्या नातेवाइकाला हसू येईल अशी असते. 'तुमची मराठी किती गोड आहे' असे म्हणून तो नातेवाईक लगेच हिंदीत शिरतो. आपण खरेच मराठी आहोत हे कशाने पटवायचे? अभंग म्हणून दाखवता येतो, दिंडी-साकी म्हणता येते, पण त्याला कान लागतात. सांबाराची कथा मात्र कोणालाही पटकन कळते. ती इथल्या मराठी माणसाचा पासपोर्ट झाली आहे. पण हा पासपोर्ट एकाच दिशेने चालतो, हे आमच्या लोकांनी ओळखले पाहिजे. तो दाखवून महाराष्ट्राच्या कौतुकाच्या दिवाणखान्यात शिरता येते. तिथल्या बोलण्यात वाटेकरी होता येत नाही. याच कुंभकोणमात १८२८ साली जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले. इथल्याच रघुनाथरावांनी विधवाविवाहाची बाजू घेतली. त्यांची नावे पुण्यात किती जणांना ठाऊक आहेत? माणसे विसरली गेली आणि डाळ लक्षात राहिली.

आणखी एक गोष्ट या कथेखाली झाकली जाते. ती आम्हाला सोयीची आहे म्हणून मुद्दाम सांगतो. सांबार राजवाड्यातून थेट आपल्या पानात आले असे म्हटले, की मधला हॉटेलाचा इतिहास सांगावा लागत नाही. तमिळ प्रांतातल्या कॉफी हॉटेलांचा इतिहास हा कोणी कुठे बसायचे याचा इतिहास आहे. ब्राह्मणांसाठी वेगळी जागा, काही ठिकाणी दलितांना दारातच मज्जाव. आ. इरा. वेंकटाचलपती यांनी कॉफीच्या सामाजिक इतिहासावर लिहिताना हे मांडले आहे. १९५७ साली मद्रासच्या तिरुवल्लिक्केणीत पाटीवर 'ब्राह्मण' शब्द मिरवणाऱ्या एका हॉटेलासमोर पेरियारांच्या द्रविडर कळगमने आंदोलन केले, अनेकांना अटक झाली, तेव्हा कुठे असल्या पाट्या उतरू लागल्या. 'रायर' म्हणजे 'राव' याचेच तमिळ आदरार्थी रूप. त्या नावाची हॉटेले या मुलखात नावाजली आणि त्यांच्या कीर्तीत पदार्थाच्या चवीइतकाच वाटा सोवळ्याचाही होता. आज त्याच टेबलावर कोणीही बसतो. हा बदल कोणा राजाच्या पाहुणचारातून आला नाही, लोक रस्त्यावर उतरले म्हणून आला. सांबाराची खरी गौरवकथा लिहायची असेल तर ती इथून लिहावी : ज्या बादलीतून सगळ्यांना वाढतात ती बादली केव्हा आणि कशी आली.

तमिळ वाचकांनाही एक शब्द. नाव उचलायचे आणि गाव विसरायचे हा रोग फक्त मराठी नाही. चेन्नईहून तिरुच्चीकडे जाताना महामार्गावर 'कुंभकोणम डिग्री कॉफी'च्या पाट्यांमागून पाट्या लागतात. पितळी डबरा-टंबलर, केळीच्या खांबांची सजावट, सगळे यथासांग. डिग्री म्हणजे दुधाचा कस पाहायच्या यंत्राची डिग्री की चिकोरीचा अपभ्रंश, यावर तिथे वाद घालतात. पण त्या दुधात पाणी किती, हे कोणी विचारत नाही. कुंभकोणममध्ये मात्र 'कडप्पा' नावाचा मुगाची डाळ, बटाटा, नारळ आणि बडीशेप यांचा रस्सा इडली-डोशाबरोबर मिळतो. तो या पट्ट्याबाहेर फारसा दिसत नाही. त्याला राजा नाही, कथा नाही, महामार्गावर पाटी नाही. गावातले लोक तो खातात, एवढेच त्याचे भांडवल.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. मेनूकार्डावरची संभाजीराजांची गोष्ट काढा. त्यांच्या शौर्याला डाळीचा टेकू लागत नाही. तिथे जागा उरली तर आचाऱ्याचे नाव छापा. मुंबईत दाक्षिणात्याला हुसकावण्याची भाषा करणाऱ्याने कुंभकोणममध्ये येऊन सांबारावर हक्क सांगू नये. दोन्हींपैकी एक काहीतरी सोडावे. आणि महाराष्ट्रातल्या ज्या संस्था बृहन्महाराष्ट्राच्या नावाने संमेलने भरवतात, त्यांनी इथल्या मराठीला 'गोड' म्हणणे थांबवून ती नोंदवून घ्यायला माणसे पाठवावीत. तिच्यातले स्वयंपाकघरातले शब्द आधी नोंदवावेत, कारण ते बोलणाऱ्या बायका म्हाताऱ्या होत आहेत.

२०२८ साली इथे महामहम आहे. बारा वर्षांनी येणारे पर्व, तळ्याकाठी पाय ठेवायला जागा नसेल, महाराष्ट्रातूनही गाड्या भरून लोक येतील. गावातल्या प्रत्येक हॉटेलात रांगा लागतील आणि वाढप्यांचे हात मोडून येतील. तेव्हा या, स्वागत आहे. पानात सांबार पडले की ते मूळचे कोणाचे हे सांगू नका. कडप्पा मागवा. वाढप्याला 'नन्री' म्हणा, हा एक शब्द गाडीतच पाठ करून या. आणि शेजारी कोणी एकटे गृहस्थ पोंगल खात बसले असतील तर त्यांना विचारा, "काय राव, तुमच्या घरी मराठी बोलतात का?" बोलत असतील तर उत्तर जरा सावकाश येईल. हिंदीत शिरू नका. थांबा आणि ऐका.